पाय जड झाले हत

आमच्या थोरल्या काकीनं मालवणजवळच्या देवबागातल्या निदान दोन पिढ्या न्हाऊ घातल्या असतील. न्हाणीत पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायचं, पाय लांब करायचे आणि दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत बाळ पालथं टाकायचं. बाजूला चुलीवरच्या भाणात पाणी कढत असतं. बाळ रडून लालबुंद होतं आणि काकी आपली वाडीतल्या बातम्या सांगत असते. बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा माझी लेकही त्याच नडग्यांवर चोळून निघाली.

ती आठवड्याची असताना मी एक गंमत केली होती. काखेत धरून तिला उभं केलं, तळवे पाटाला टेकवले, तर ती चक्क पावलं टाकू लागली. एक उचललं, ठेवलं, मग दुसरं. फिजिओथेरपीच्या वर्गात हे आम्हाला शिकवलं होतं, तरी स्वतःच्या पोटच्या पोरीनं करून दाखवल्यावर अंगावर काटा आला. व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला. अडीच महिन्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तर पाय नुसते लोंबकळत राहिले. आईचा चेहरा उतरला. मी तिला समजावलं, की असंच व्हायचं असतं, मेंदूचा वरचा थर जागा होऊ लागला की ही उपजत क्रिया तो दाबून टाकतो. परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

काकी पंचा पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "मेंदूक कित्या मधी आणतस? पाय जड झाले हत तिचे. उचलाक जमना नाय. पाण्यात धर, मगे बघ."

पितळी घंगाळात कोमट पाणी होतं. काकीनं तिला छातीपर्यंत पाण्यात धरलं, तळवे बुडाला टेकवले. क्षणभर काही नाही. मग उजवा गुडघा वर आला. मग डावा. घंगाळात माझी लेक चालत होती, आणि माझं पैकीच्या पैकी मार्कांचं उत्तर न्हाणीच्या मोरीतून वाहून चाललं होतं.

त्या रात्री तिला पाळण्यात टाकून मी मोबाईलवर शोधत बसले. काकीचं म्हणणं 1984 सालीच छापून आलेलं निघालं.

एस्थर थेलन या अमेरिकन बाई मुळात जीवशास्त्राच्या. आधी त्यांनी गांधीलमाश्यांच्या जातकुळीतले कीटक स्वतःचं अंग कसं साफ करतात याचा अभ्यास केला होता. किडे बघायची ती सवय घेऊनच त्या माणसांच्या बाळांकडे वळल्या, आणि मला वाटतं तिथेच फरक पडला. त्यांनी आधी मेंदूचा विचार केलाच नाही, हालचाल बघितली. त्यांना दिसलं, की उभं धरलं की पावलं न टाकणारं बाळ उताणं झोपवलं की पाय मात्र झकास झाडतं. 1982 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी डोना फिशर यांनी दाखवलं, की पाय झाडणं आणि पावलं टाकणं या दोन वेगळ्या क्रियाच नाहीत. सांध्यांची वळणं तीच, स्नायूंचा क्रमही तोच, फक्त बाळाची दिशा बदललेली. मग मेंदू उभ्या बाळाचीच क्रिया दाबतो आणि आडव्याची सोडून देतो, असं कसं?

1984 साली त्यांनी दोन साधे प्रयोग केले. जी बाळं अजून पावलं टाकत होती त्यांच्या पायांना छोटी वजनं बांधली, येत्या काही आठवड्यांत अंगावर चढणार असतं साधारण तेवढी. पावलं घटली. मग बाळांना पाण्यात उभं धरलं. पावलं वाढली. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाच्या मांड्यांवर चरबी भराभर चढते, स्नायूंची ताकद तेवढ्या वेगानं वाढत नाही. झोपून पाय झाडताना हा भार सोसवतो, उभ्यानं उचलताना सोसवत नाही. म्हणजे पाय जड झाले हत.

मी सकाळी काकीला हे सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "त्येनी पण न्हाणयल्यानी असतली चेडवां," एवढंच म्हणाली.

*

याच धाग्यावरून थेलन यांनी पुढे मानसशास्त्रज्ञ लिंडा स्मिथ यांच्याबरोबर इंडियाना विद्यापीठात जे उभं केलं त्याला डायनॅमिक सिस्टिम्स थिअरी म्हणतात. मराठीत गतिशील प्रणालींचा सिद्धांत म्हणता येईल, पण हे नाव घेतलं की मला शासकीय परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. 1994 साली दोघींनी याच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या वाटेनं आलेले शब्द त्यात पानोपानी आहेत. ते शब्द मला नीट उमगले ते आमच्या संगमावर.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते. बाबांचा पूर्वी रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा होता, आता ते पर्यटकांना होडीतून संगमावर नेतात. भरती किती वाजता हे त्यांना कोणी विचारावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. चंद्र-सूर्याचं गणित आहे, चुकत नाही.

पण खाडीच्या मुखाशी वाळूचा जो दांडा तयार होतो त्याचं काय? दर पावसाळ्यात नदी सह्याद्रीवरून गाळ घेऊन येते, समुद्र लाटांनी किनाऱ्याची वाळू ओढून नेतो, गणपतीनंतर वारा पडला की थोडी थोडी परत आणून टाकतो. दांडा कधी उत्तरेला सरकतो, कधी मधोमध फुटतो, कधी एखादं बेटच वर येतं. ज्याला आता त्सुनामी आयलंड म्हणून पाट्या लागल्यात तेही तसलंच. हंगामाच्या सुरुवातीला बाबा काठीनं पाण्याचा तळ चाचपत होडी काढतात. चाळीस वर्षं याच पाण्यात काढलेला माणूस. मी एकदा विचारलं, यंदा दांडा कुठे असेल ते आधी कळत नाही का?

"भरती पंचांगात गावता," ते म्हणाले. "दांडो गावना नाय."

दांडा कोणी आखत नाही. पाणी, वारा, गाळ, गेल्या वर्षीचा उंचवटा, कोणीतरी घातलेला दगडी बंधारा, सगळ्यांचा एकमेकांवर जोर चालतो आणि त्यातून एक आकार उभा राहतो. आकार एकदा उभा राहिला की तोच पुढच्या पाण्याला वळण लावतो. वर्षभर काही दिसत नाही आणि एका उधाणात मुख फुटतं. स्वयंसंघटन हा शब्द पुस्तकात भेटला तेव्हा डोळ्यांपुढे दांडाच आला. बाळाच्या चालण्याबद्दल थेलन हेच म्हणत होत्या. चालण्याचा आराखडा डोक्यात किंवा जनुकांत तयार ठेवलेला नसतो. पायांचं वजन, स्नायूंची ताकद, तोल, डोळ्यांना दिसणारी जमीन, पलीकडे हात पसरून बसलेली आजी, काल काय जमलं होतं, हे सगळं एकत्र आलं की चालणं त्या क्षणी घडतं. यांतला कोणी एक मुकादम नाही.

आपण मात्र मुलांची वाढ भरतीसारखी धरून चालतो. तिसऱ्या महिन्यात मान, सहाव्यात बसणं, आठव्यात रांगणं, वर्षाला चालणं. लसीकरणाच्या कार्डामागेही असलाच तक्ता असतो. तक्ता खोटा नाही, त्याची सोय मीही रोज घेते. पण पंचांगातली तिथी बघावी तसा तो बघितला, की घरात रडारड सुरू होते.

*

रापणीविषयी थोडं विषयांतर करते, कारण ती बघितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. होडी अर्धगोल मारून जाळं टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं दोर कमरेशी घेऊन मागे मागे चालू लागतात. लेक पाच महिन्यांची असताना दिवाळीत तिला कडेवर घेऊन मी हे बघत उभी होते. लहानपणापासून हजारदा बघितलेलं, पण या खेपेला पायांकडे बघितलं. एकाचीही दोन पावलं सारखी पडत नव्हती. ओल्या वाळूत टाच रुतत होती, कोरड्यात घसरत होती, लाट आली की सगळे अर्धं पाऊल पुढे ओढले जात होते. आणि दोर मात्र एका लयीत येत होता.

निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञानं 1920च्या दशकात मॉस्कोत कामगारांच्या अंगाला छोटे दिवे लावून त्यांच्या हातोड्याच्या घावांची चित्रं काढली होती. मुरलेल्या कामगाराच्या हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास तिथेच पडायचं, पण खांदा, कोपर, मनगट यांची वळणं दर वेळी वेगळी. म्हणजे कौशल्य हे एकच हालचाल घोकून पाठ करण्यात नसतं. दर वेळी नव्यानं जुळवून तोच घाव घालण्यात असतं. पुनरावृत्तीशिवायची पुनरावृत्ती, असं त्यांनी म्हटलंय. आमच्या पेशात व्यायाम देताना "दहा वेळा अगदी तस्सेच करा" म्हणायची सवय लागलेली असते. त्या दिवसापासून माझी जीभ तिथे अडखळते.

दांडा एका उधाणात फुटतो तसं आपल्या शरीरातही काही अचानक पालटतं, हे बघायचं असेल तर आत्ता दोन्ही हातांची पहिली बोटं समोर धरा आणि एकाआड एक हलवा, गाडीचे दोन वायपर एकाच दिशेनं फिरतात तशी. आता वेग वाढवत न्या. एका ठरावीक वेगाला बोटं तुमचं न ऐकता आरशातल्यासारखी हलू लागतील, दोन्ही आत, दोन्ही बाहेर. वेग पुन्हा कमी केला तरी ती आपण होऊन पहिल्या चालीवर येत नाहीत. हालचालींचा अभ्यास करणाऱ्या स्कॉट केल्सो यांनी 1980च्या सुमारास हे मोजून दाखवलं, आणि 1985 साली हर्मन हाकेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याचं समीकरण मांडलं. ठरवणारा कोणी नाही, पण वेगानं उंबरठा ओलांडला की जुनी घडी मोडते. मी हे नवऱ्याला करायला लावलं. त्याची बोटं फिरली तेव्हा तो दचकला, आणि मग अर्धा तास त्यानं टीव्ही बघितला नाही.

*

शिमग्याला पुन्हा गावी आलो तेव्हा लेक नऊ महिन्यांची होती. या वयाच्या बाळांचा एक प्रसिद्ध घोटाळा आहे, जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं टिपलेला. वस्तू एका ठिकाणी लपवा, बाळ काढतं. असं दोन-चारदा करा. मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या ठिकाणी लपवा. बाळ हात घालतं पहिल्याच ठिकाणी. पियाजे म्हणत, वस्तू आपल्या कृतीपासून वेगळी, स्वतंत्र असते ही समज त्याला अजून आलेली नाही.

मी ओटीवर दोन करवंट्या पालथ्या घातल्या आणि सावंतवाडीचं लाकडी बदक घेतलं. डावीकडे लपवलं, तिनं काढलं. पुन्हा डावीकडे, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा उजवीकडे लपवलं, तीन-चार सेकंद थांबवलं, आणि पोरगी डावीकडची करवंटी उचलून रिकाम्या जागेकडे बघत बसली. मला केवढा आनंद! स्वतःचं मूल चुकल्यावर इतका आनंद बरा नव्हे, असं आई म्हणालीसुद्धा.

स्मिथ, थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली या घोटाळ्याचा वेगळा उलगडा केला. डावीकडे हात नेण्याची सवय दोन-चार खेपांत अंगात भिनते. उजवीकडे बदक लपलं ही आठवण ताजी असते, पण त्या थांबलेल्या सेकंदांत विरत जाते, आणि हात सवयीच्या बाजूला झुकतो. हे खरं असेल तर अंगाची ठेवण बदलून सवय मोडता यायला हवी. त्यांनी बसलेल्या बाळाला ऐन वेळी उभं केलं, आणि पुष्कळ बाळांचा हात बरोबर बाजूला गेला. वस्तूविषयीचं ज्ञान काय उभं केल्यानं वाढतं? तर नाही. ज्ञान म्हणून आपण डोक्यात जे कोंबून ठेवलंय, त्यातलं बरंच काही बसण्या-उठण्यात, हाताच्या वळणात पसरलेलं असतं.

मीही लेकीला काखेत धरून उभं केलं आणि आईला बदक उजवीकडे लपवायला सांगितलं. एकदा बरोबर जमलं. दुसऱ्यांदा तिनं करवंटी खळ्यात भिरकावली आणि कुत्र्यानं ती पळवली. विज्ञान तिथे थांबलं.

*

मे महिन्यात खरी कसोटी लागली. अकरा महिने पुरे होत आले तरी बाई रांगेनात. बसल्या बसल्या बूड घासत सरकायच्या, एक हात टेकून, होडी वल्हवल्यासारख्या. वेग चांगला होता. पण सासूबाईंनी मनावर घेतलं, मग नणंदेनं, मग ज्यांचा संबंध नाही त्यांनीही. एका ओळखीच्या डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवून "रांगणं राहिलंय" असं लिहून दिलं, पाय-कंबर हातात न घेताच. मी स्वतः दिवसभर इतरांना धीर देणारी बाई, पण त्या कागदानं दोन रात्री झोपले नाही.

मग आकडे काढून बसले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांची नोंद प्रसिद्ध केली होती, त्यात आपली दिल्लीही आहे. आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही. नऊ महिन्यांहून मोठी खिडकी! आणि त्यांतली 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तशीच पुढे गेली. म्हणजे रांगणं ही चालण्याच्या आधीची सक्तीची इयत्ता नव्हे. आमच्या फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी, घसरणारे गुडघे आणि बसून सरकलं की हाताला येणारं सगळं घर, यांतून तिनं काढलेली ती सोय होती.

कोणीतरी चाकांचा वॉकर आणून दिला. तो मी परत केला, थोडं वाईटपण घेऊन. त्यात बाळाचं वजन झोळी पेलते, स्वतःची पावलं त्याला दिसत नाहीत, तोल सांभाळायची गरजच उरत नाही. जिन्यावरून गडगडण्याचे अपघात इतके, की कॅनडानं 2004 साली त्याची विक्रीच बंद केली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो धरून पोराला स्वतःच्याच पायांवर उभं राहावं लागतं, आणि जोर जास्त झाला की तो पुढे पळतो. तोंडावर आपटायची सोय त्यात आहे. ती हवीच.

कारण आपटल्याशिवाय चालणं येत नाही, आणि किती आपटावं लागतं हे बाळांच्या चालण्याचा अभ्यास करणाऱ्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी मोजलंय. 2012 सालच्या त्यांच्या नोंदीत 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं टाकत होती आणि 17 वेळा पडत होती. तासाला. मला कोणी एखादी गोष्ट शिकताना तासाला सतरा वेळा पाडलं असतं तर मी ती गोष्ट तासाभरात सोडली असती. अ‍ॅडॉल्फ यांचं आधीचं, 1997 सालचं कामही फार मजेचं आहे. रांगणाऱ्या मुलांना त्यांनी उतारावर सोडलं. काही आठवड्यांत मुलं शहाणी झाली, धोक्याचा उतार आला की काठावर थांबू लागली. मग तीच मुलं चालायला लागली आणि त्याच उतारावरून बिनधास्त पाऊल टाकून कोसळली. रांगताना शिकलेला उतार चालताना कामाला आला नाही. नव्या अंगानं सगळं पुन्हा शिकावं लागलं.

*

हे फक्त बाळांचं नाही. आमच्या वाडीत एक आजोबा आहेत, पूर्वीचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. कंपवात झालाय. मुलानं नवं घर बांधलं, दिवाणखान्याला चकचकीत फरशी घातली, आणि दारातून आत येताना आजोबा उंबरठ्यावर खिळून उभे राहू लागले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. घरच्यांना वाटायचं हट्ट करतात. संध्याकाळी त्यांना हात धरून किनाऱ्यावर नेलं तेव्हा मी बघितलं, वाळूत रापणीचे दोर पसरलेले होते आणि हे ते एकेक ओलांडत माझ्या पुढे निघून गेले. या आजारात असं होतं हे मला ठाऊक होतं. सपाट जमिनीवर अडकलेलं पाऊल समोर आडवी रेघ दिसली की सुटतं, जिन्यावर तर सहज चढतं. ठाऊक असणं वेगळं आणि दोरांवरून निघालेला तांडेल बघणं वेगळं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दिवाणखान्यात पावला-पावलाच्या अंतरावर रंगीत टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. सुनेला त्या आवडल्या नाहीत, पण ठेवल्या.

मग चालणं आजोबांच्या पायांत होतं की दोरात?

या विचाराचा मला सगळ्यात पटलेला उपयोग डेल आणि बेव्हर्ली उलरिक यांच्या कामात आहे. थेलन यांनी 1986 साली सात महिन्यांच्या बाळांना सरकत्या पट्ट्यावर धरलं होतं. अजून महिनोन् महिने चालू न शकणारी ती बाळं आळीपाळीनं पावलं टाकू लागली, कारण पट्टा पाय मागे ओढून ताणत होता आणि तेवढंच कमी पडत होतं. उलरिक यांच्या गटानं हेच डाउन सिंड्रोमच्या बाळांसाठी वापरलं. आईवडिलांनी घरीच, दिवसाला आठ मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. 2001 साली त्यांनी लिहिलं, की ही मुलं पट्ट्याचा सराव न केलेल्या डाउन सिंड्रोमच्याच मुलांच्या मानानं जवळपास 100 दिवस आधी चालली. माझ्याकडे असं एखादं मूल येतं तेव्हा "याच्यात काय कमी आहे" याऐवजी मी आता आधी "इथे काय कमी पडतंय" असं बघते. उत्तर बऱ्याचदा खुर्चीची उंची, नाहीतर चप्पल असतं.

सिद्धांताविषयी माझी कुरकुरही आहे. सगळ्याचा सगळ्याशी संबंध आहे म्हटलं, की घडून गेलेली कुठलीही गोष्ट समजावता येते आणि उद्याची एकही सांगता येत नाही. आई समोर रडत बसलेली असताना "बहुविध घटकांची आंतरक्रिया" हे उत्तर द्यायला लाज वाटते. दुसरी भीती अशी, की "प्रत्येक मूल आपापल्या वाटेनं जातं" हे वाक्य आळसाला फार सोयीचं आहे. अठरा महिने झाले आणि मूल चालत नाही, किंवा एकच बाजू वापरतंय, किंवा आधी जमणारं सगळीकडेच जमेनासं झालं, तर खाडी, दांडा, थेलन सगळं बाजूला ठेवून तपासायलाच हवं.

*

लेक चालली ती गणपतीत. पंधरावा महिना होता. घरात चाकरमानी धरून सव्वीस माणसं. मूर्तीच्या वर माटवीची लाकडी चौकट बांधलेली, तिला कवंडळाची रानफळं, सुपारीचे शिपटे, एक मोठा तवसा लोंबत होता. माजघराची जमीन आईनं हट्टानं शेणानं सारवलेलीच ठेवलीय. ती पावलाला किंचित धरून ठेवते. आरतीला सगळे उभे, मुलीला पायांच्या जंगलापलीकडे काही दिसेना, म्हणून कोणाचं तरी धोतर धरून ती उभी राहिली. वर लालबुंद कवंडळ दिसलं. धोतर सुटलं. झांजांचा गलका चालू होता, तेवढ्यात ती चार पावलं टाकून पाटापाशी पोचली आणि वर हात करून मट्कन बसली. आरती अर्ध्यात थांबवता येत नाही, त्यामुळे सव्वीस माणसं डोळे मोठे करून टाळ्या वाजवत राहिली. पुढचे पाच दिवस ती माजघर, पडवी, खळं असं दिवसभर चालत होती.

सहाव्या दिवशी आम्ही कोल्हापूरला परतलो. तिला दारात उतरवलं. तिनं फरशीकडे बघितलं, एक पाऊल टाकलं, घसरलं, आणि बाई बसल्या. मग एक हात टेकून वल्हवत आपल्या खेळण्यांपाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. सासूबाई म्हणाल्या, गावाला चालली म्हणतेस ते खरं ना गं?

रात्री काकीचा फोन आला. "चलता मा?"

"तिथे चालत होती," मी म्हटलं. "इथे चालत नाही."

ती थोडा वेळ गप्प होती. पाठीमागे चुलीवर फुंकणी मारल्याचा आवाज आला.

"मगे फरशेर माती घाल," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

माती काही घातली नाही, फ्लॅटच्या सोसायटीनं मला घातलं असतं बाहेर. पण शनिवारी जाऊन काथ्याची लांबच लांब चटई आणली, खरखरीत, दारापासून खिडकीपर्यंत पुरेल एवढी. लेक तिच्यावर जाऊन बसली, आणि संध्याकाळभर एकेक काथ्या उपटून काढत राहिली.